हळद लागल्यावरची उजळणी

हळद लागून अर्धा तासही झाला नव्हता, तेवढ्यात माधवीला आपली चूक सापडली.

ती मांडवात पाटावर बसली होती. हात कोपरापर्यंत पिवळे, गाल पिवळे, कानामागे कुणीतरी जास्तीचा गोळा थापलेला. शेजारी करवली म्हणून हर्षला बसली होती. हर्षला म्हणजे छायाकाकीची सातवीतली मुलगी. करवलीचं काम एकच, नवरीला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. पण हर्षलाचा दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा पेपर होता, त्यामुळे करवलीपण सांभाळता सांभाळता ती पाठांतरही करत होती. बाहेर बेंजो पार्टीवाले माईक तपासत होते, म्हणून मनातल्या मनात करायचं पाठांतर तिला ओरडून करावं लागत होतं.

"इफ इट रेन्स, वी विल स्टे ॲट होम! इफ इट रेन्स, मेन क्लॉज! वी विल स्टे ॲट होम, सबॉर्डिनेट क्लॉज!"

माधवीने मान वळवली. "काय म्हणालीस?"

"पयला तुकडा मेन, दुसरा तुकडा सबॉर्डिनेट. पयला मुख्य, दुसरा गौण. तूच सांगितलंस ना, ताई?"

सांगितलं होतं खरं. दहिवलीला युनूसभाईंच्या घराच्या पुढच्या खोलीत माधवी शिकवणी घ्यायची. लग्नाआधीच्या शेवटच्या तासाला ब्लाउज शिवणाऱ्या बाईचे फोनवर फोन येत होते, पोरांना घाई होती, आणि फळ्यावर तिने जेवढी वाक्यं लिहिली त्या सगळ्यांत योगायोगाने मुख्य वाक्यच आधी आलं होतं. त्यावरून सायनाथने विचारलं, "मिस, म्हंजे पयला तो मुख्य?" आणि माधवी फोन कानाला लावता लावता "हो" म्हणाली होती.

आता तिला त्या "हो"चा घाम फुटला. रसायनशास्त्राची पदवी घेताना हीच माधवी प्रयोगशाळेत एकच प्रयोग पुन्हा पुन्हा करायची; आकडा मनासारखा आला की तिचा त्याच्यावरचा विश्वास उडायचा. आणि तिनेच एका जातीचे नमुने घेऊन पोरांना नियम काढून दिला होता. उद्या पेपर. परवा ती लोधिवलीला सासरी. बरोबर शिकवलेलं पोरं विसरतात, चुकीचं शिकवलेलं मात्र जन्मभर जपून ठेवतात, हे शिकवणीच्या दोन वर्षांत तिला पुरतं कळलं होतं.

"हर्षला, इकडे बघ. 'इफ इट रेन्स' एवढंच बोलून मी गप्प बसले तर तू काय करशील?"

"पुढचं ऐकायला थांबीन."

"आणि 'वी विल स्टे ॲट होम' एवढंच बोलून गप्प बसले तर?"

"मंग घरात बसू. त्यात थांबायचं काय?"

"मग एकटं उभं राहतं ते कुठलं?"

"दुसरं." हर्षलाचे डोळे मोठे झाले. "म्हंजे मुख्य ते दुसरं! ताई, तू सगळ्यांना उलटं शिकवलंस?"

शेजारच्या दोन बायकांनी माना वळवल्या. नवरीने काहीतरी उलटं केलंय एवढंच त्यांना ऐकू आलं, आणि तेवढं त्यांना पुरलं.

माधवीने फोन मागवला. पण हळदीच्या बोटांना फोन ओळख दाखवेना. मग हर्षलाने तिच्या तोंडासमोर फोन धरला आणि माधवीने शिकवणीच्या ग्रुपवर बोलून निरोप पाठवला. तिने सगळं नीट समजावलं, उदाहरणासकट. पाठोपाठ पालकांची उत्तरं आली. एकाने हात जोडले होते, एकीने फुलं पाठवली होती. सायनाथच्या आईने लिहिलं होतं, "मॅडम, बोलणं काय कळलं नाय, पण बेंजो झकास हाय."

"मी लिवून धाडते," हर्षला म्हणाली आणि माधवीने नको म्हणायच्या आत तिने लिहून धाडलंही: "मिसचं चुकलं. पहिला मुख्य नाय. दुसरा मुख्य. सगळ्यांनी पाठ करा."

माधवीने ते वाचलं आणि पाटावरून उठलीच. आधी पोरांकडे एक चुकीचा नियम होता, आता त्याच्या जागी त्याच्याइतकाच चुकीचा दुसरा गेला होता; शिवाय हा दुसरा आधीच्याला खोडून आल्यामुळे जास्त खरा वाटणार होता.

"युनूसभाईंच्या घरी फोन लाव, हाजराबींना. पोरं आत्ता तिथंच अभ्यासाला बसली असतील."

"लावते." हर्षलाने नंबर फिरवला. फोन मांडवातच वाजला. खुर्च्या उतरवून घ्यायला टेंपो घेऊन आलेल्या युनूसभाईंच्या खिशात. त्यांचा स्वतःचा फोन पाण्यात पडल्यापासून ते बायकोचा घेऊन फिरत होते.

"बोल, माधवी," युनूसभाई दहा पावलांवरून फोनमध्ये म्हणाले.

माधवीने तिथूनच त्यांना सगळं सांगितलं. युनूसभाईंची फिझाही त्याच शिकवणीत होती, म्हणून त्यांनी गांभीर्याने ऐकून घेतलं. "पोरांना इथं आणू का टेंपोत घालून?"

"आण की," माधवीची आई मोदकपात्र घेऊन जाता जाता म्हणाली. "जेवून जातील."

"पण इथं शिकवू कसं?" माधवीने विचारलं, आणि उत्तर म्हणून स्पीकरमधून "हॅलो, हॅलो, चेक" असा एवढा मोठा आवाज आला, की आईच्या हातातलं झाकण पडलं. तेही कुणाला ऐकू आलं नाही.

"मीच जाते," माधवी म्हणाली. "तासाभरात येते."

आईने झाकण उचललं. "मला नको इचारूस. आत्याला इचार."

आनंदीबाई म्हणजे माधवीच्या वडिलांची आत्या. भावकीतल्या कुठल्याही लग्नात काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्यांच्याकडून ठरून यायचं. त्या मांडवाच्या खांबाला टेकून अडकित्त्याने सुपारी कातरत होत्या.

"हळद लागलेली पोर शिवेच्या भायेर जात नाय," त्यांनी वर न बघता सांगितलं.

"का, आत्या?"

"का म्हंजे? वारं लागतं."

"वारं म्हणजे नक्की काय?"

"वारं म्हंजे वारं. माज्या सासूने मला सांगितलं, मी तुला सांगते. तू तुज्या पोरांना प्रत्येक गोष्टीचं का सांगतेस?"

माधवी 'का' ते सांगत असती तर आज ही वेळ आली नसती. पहिला तो मुख्य, का, तर मिसने सांगितलं म्हणून. आत्याच्या नियमात आणि तिच्या नियमात फरक शोधायला गेलं तर एवढाच होता, की आत्याचा निदान जुना होता.

"आत्या, मी पोरांना उलटं शिकवलंय. उद्या पेपर आहे. असंच ठेवून सासरी गेले तर माझ्या डोक्यातून ते जायचं नाही."

आनंदीबाईंचा अडकित्ता थांबला. वाऱ्याचा उपाय त्यांना माहीत होता. हे दुसरं काहीतरी होतं.

"उलटं शिकवून जाणं बरं नाय," त्या शेवटी म्हणाल्या. "जा. पण एकटी नाय जायचं."

"हर्षला आहे की."

"ती तर पोर हाय. तिलाच सांबाळायला माणूस लागतं. छाये! तू जा बरुबर."

छायाकाकी पुऱ्या लाटायच्या टळल्या म्हणून लगेच निघाली. "आणि हातात लोखंड पायजे," आनंदीबाई म्हणाल्या. "अडकित्ता मी देनार नाय, पाव्हण्यांना सुपारी द्यायची हाय."

"लोखंडच ना?" युनूसभाईंनी सीटखालून चाकं खोलायचा पाना काढला आणि माधवीच्या पिवळ्या हातात दिला. "याच्या जवळ कोण वारं येत नाय. घे."

"आता शिवेवर नारळ. तो भावकीतल्या बाप्याने फोडायचा. धाकलू, जा."

धाकलूकाका खुर्चीवरून उठेनात. "मी नाय जानार. बेंजोवाल्यांवर नजर कोण ठेवील? मागं माज्या साळ्याच्या लग्नात मी जरा जेवायला बसलो, तर हे खालापूरकडच्या दुसऱ्या हळदीत जाऊन वाजवून आले."

"मंग त्यांना पन घे बरुबर."

माधवीने तोंड उघडलं, पण तोवर बेंजोवाले ढोलकीसकट टेंपोत चढत होते. त्यांना वाटलं वरात आहे. सगळे बसल्यावर आनंदीबाईंनी मांडवाच्या खांबाला धरून उठत विचारलं, "जाताना सगळे जाल. पोरीला परत शिवेच्या आत घ्यायचं कसं, ते तुमच्यात कोणाला ठावं हाय?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. आनंदीबाई पुढे, युनूसभाईंच्या शेजारी बसल्या.

टेंपो निघाला. शिवेवर नारळ फुटला. माधवी मागे खुर्च्यांच्या चळतीला टेकून, पाना मांडीवर घेऊन बसली होती आणि मनातल्या मनात धडा जुळवत होती. मीच जाते, हे वाक्य किती लहान होतं. त्याला आता पुढून आत्या, मागून काकी, काका, करवली आणि ढोलकी जोडली गेली होती, आणि प्रत्येक जोड लागायला काहीतरी कारण होतं. ती एकेका कारणाशी भांडली असती, पण कुठलंच कारण पुरतं खोटं नव्हतं. काकांच्या साळ्याच्या लग्नात बेंजोवाले खरंच पळाले होते.

टेंपोत बसून बेंजोवाल्यांचे हात शिवशिवले. दहिवलीचं पहिलं घर दिसताच त्यांनी सुरुवात केली. दुकानांतून लोक बाहेर आले. हळदीत न्हालेली नवरी हातात भलामोठा पाना घेऊन वाजतगाजत चाललीय, हे पाहून एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

हाजराबी दारात आल्या. "या अल्ला! नवरी इथं कशी? युनूस, कोणाला पळवून आणलंस?"

"शिकवायला आलीय," युनूसभाई म्हणाले.

"आज? हळदीत?" हाजराबींनी डोक्यावरचा पदर सावरला, माधवीला आत घेतलं आणि एवढी माणसं बघून चहाचं मोठं पातेलं चढवलं.

खोलीत पोरं सतरंजीवर बसली होती. "दुसरा मुख्य, दुसरा मुख्य" असा एका सुरात घोष चालला होता. माधवी आत आली तसा घोष बंद पडला.

"मिस, तुमी पिवळ्या झाल्या," सायनाथ म्हणाला.

"ते राहू दे. हर्षलाने लिहिलं ते चूक. मी सांगितलं तेही चूक. पहिला नाही, दुसरा नाही. जागेवरून काहीच ठरत नाही."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. सायनाथ सहामाहीत इंग्रजीत नापास झाला होता आणि त्यानंतर मिस सांगतील तो शब्द धरून चालला होता. त्याच्या चेहऱ्यावर आता नुसता गोंधळ होता.

"मग ठरवायचं कसं?" फिझाने विचारलं.

माधवी फळ्याकडे वळली, तर खडू हळदीच्या बोटांत धरवेना. ती परत फिरली. समोर दाराशी तिचं सगळं वऱ्हाड अंग चोरून बसलं होतं.

"आम्ही टेंपोतून आलो. सगळ्यांत पुढे कोण बसलं होतं?"

"या आजी."

"सगळ्यांत मागे?"

"ढोलकीवाले."

"आणि लग्न कुणाचं आहे?"

"तुमचं!"

"मग आत्या पुढे बसल्या म्हणून त्या नवरी झाल्या का?"

पोरं हसून लोळली. "माजं झालं एकदा, बास," आनंदीबाई म्हणाल्या, तेव्हा तर हाजराबीही आतून हसल्या.

"वाक्यात तेच. आधी येवो, नंतर येवो. तुकडा एकटा बोलून बघायचा. 'मिस आली.' कळलं?"

"कळलं."

"'जरी आत्या नको म्हणत होत्या.'"

पोरं थांबली. पुढचं ऐकायला सगळ्यांच्या माना पुढे आल्या.

"बघा, थांबलात ना? ऐकणारा थांबला, की तो तुकडा सबॉर्डिनेट. आता तुम्ही करा."

मग खोलीत एकच गलका झाला. फिझा म्हणाली, "बिकॉज द पेपर इज टुमॉरो." सगळे थांबले. हर्षला म्हणाली, "मिस केम." कुणी थांबलं नाही. धाकलूकाकांना एक अक्षर कळत नव्हतं, पण पोरं थांबली की तेही श्वास रोखायचे. आणि सायनाथने, बराच वेळ ओठ हलवून, सावकाश म्हटलं, "व्हेन द टेंपो स्टॉप्ड..." सगळी खोली थांबली. एवढी माणसं आपल्या तोंडाकडे बघतायत हे लक्षात येऊन तो लाजला. "थांबले," तो हळूच म्हणाला. "म्हंजे गौण."

माधवीच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. तासाभराच्या आत काम झालं होतं. ती निघणार, एवढ्यात सायनाथने हात वर केला. शंका त्याला नेहमी शेवटीच यायची.

"मिस, मुख्य तो एकटा उभा राहतो ना? आणि लग्नात तुमी मुख्य. मंग तुमी एकट्या का नाय आलात?"

सगळ्यांनी आनंदीबाईंकडे पाहिलं. आनंदीबाईंनी छताकडे पाहिलं.

माधवीला याचं उत्तर येत नव्हतं, आणि येत नसलेलं उत्तर ठोकून दिल्याचा परिणाम ती हळद लागल्यापासून भोगत होती. "माहीत नाही," ती म्हणाली. "करून बघू." आणि चहाचे कप फिरायला लागल्याची संधी साधून ती दारातून बाहेर पडली.

पायरीवर कुणी नव्हतं. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच एकटी उभी होती. वारं आलं; अंगावरची हळद थोडी गार लागली, बाकी काही झालं नाही. आपण आत नसलो की आतलं सगळं अर्धवट राहील, लोक बोलता बोलता थांबतील, अशी तिची समजूत होती. ती कान देऊन उभी राहिली.

आत कुणीही थांबलं नव्हतं. बेंजोवाला फिझाला पट्ट्या दाखवत होता. छायाकाकी हाजराबींना चहात आलं किती घातलं ते विचारत होती. आनंदीबाई आपल्या हळदीत हत्तीएवढा पाऊस कसा पडला ते पोरांना सांगत होत्या. माधवीला जरा वाईट वाटलं. मग त्या वाईट वाटण्याचंच तिला नवल वाटलं. हळद लागल्यापासून एकटं सोडा म्हणून मनातल्या मनात भांडत होती, आणि सोडल्यावर लोकांनी अडून बसावं असंही तिला हवं होतं.

"मिस नाय तरी चाललंय," आतून सायनाथचा आवाज आला. "मंग मिस गौण!"

"गप रं," हर्षला म्हणाली. मग एकदम किंचाळली, "ताई कुठाय?"

कप आपटले. आनंदीबाई, छायाकाकी, धाकलूकाका आणि ढोलकी एकाच वेळी दारात आले आणि चौघांनाही एकाच वेळी बाहेर पडायचं असल्यामुळे कुणालाच पडता येईना. ढोलकी मधे अडकली. तिच्यावरून आनंदीबाईंचा हात तेवढा बाहेर आला आणि त्याने माधवीचं मनगट धरलं.

"एकटी का आलीस गं भायेर?"

"इथेच आहे, आत्या."

फिझा खिडकीतून सगळं बघत होती. "मिस गेल्या तेव्हा सगळे बसले होते," ती म्हणाली. "मग सगळे उठले. म्हणजे मिसशिवाय थोडा वेळ चालतं, जास्त वेळ नाही."

"निरीक्षण बरोबर आहे," माधवी म्हणाली. "पण निष्कर्ष काढू नका. वाक्याचा नियम वाक्याला. माणसांना लावायचा नाही, आणि उद्याच्या पेपरात तर मुळीच नाही."

परत येताना शिवेवर आनंदीबाईंनी तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि माधवीने का म्हणून विचारलं नाही. पुढच्या वेळी विचारायचं तिने ठरवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लोधिवलीचं वऱ्हाड आलं. अंतरपाट धरायची तयारी चालली होती. पलीकडे नवरदेव ऋषिकेश उभा, अलीकडे माधवी, आणि तिच्यामागे करवली हर्षला. तेवढ्यात नवे कपडे घातलेली शिकवणीची पोरं मुठीत अक्षता घेऊन गर्दीतून पुढे घुसली.

"पेपर?" माधवीने मान न वळवता विचारलं.

"झाला," फिझा म्हणाली. "पण मिस, क्लॉज आलाच नाय."

"म्हणजे?"

"प्रश्नच नव्हता. एक पण नाय."

माधवीने डोळे मिटले. हळद, टेंपो, नारळ, पाना, अख्खी दहिवली तिच्या डोळ्यांसमोरून वाजतगाजत गेली. "मग काय आलं?"

"निबंध आला. अचानक आलेला पाहुणा. आमी सगळ्यांनी तुमच्यावरच लिवला."

"सगळ्यांनी?"

"माजं पयलं वाक्य सांगू?" सायनाथ पुढे सरकला, छाती भरून घेतली आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाला, "व्हेन मिस वॉज यलो, शी केम टू अवर क्लास बिकॉज शी वॉज राँग."

अंतरपाट धरला गेला. पलीकडून ऋषिकेशचं दाबलेलं हसू ऐकू आलं. "कशात राँग गं?" त्याने कुजबुजत विचारलं.

माधवी ते वाक्य मनात पुढून मागून तपासत होती, एकेक तुकडा सुटा करून, एकटा उभा करून. भटजींनी पहिला "सावधान" म्हटला तरी तिला त्यात एकही चूक सापडली नव्हती.